डोंगर उक्ता द्यायचा का? एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि आजच लिहायला बसलो, कारण दिवाळीनंतर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात असं तुम्ही म्हणताय, म्हणजे वेळ थोडा आहे. बाकी कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कणकवली तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी ताईंच्या माहेरचा सामायिक डोंगर आहे, १४ एकर, सातबाऱ्यावर २३ नावं, निम्म्याहून जास्त मंडळी मुंबई-ठाण्याला. लाकडाच्या व्यापाऱ्यानं सगळं रान उक्तं, म्हणजे एकरकमी ठरवून, तोडायला मागितलंय, आणि तोड झाली की जेसीबी लावून काजू नाहीतर रबर लावून द्यायचीही तयारी दाखवलीय. चुलते म्हणतात, "ह्या काय आपण पयल्यांदा तोडतंव? परत फुटतला." आणि ताईंच्या मुलीनं शाळेत अ‍ॅमेझॉनवर प्रोजेक्ट केलाय, ती विचारते की आपलं रान पण रेनफॉरेस्टच ना, मग आपण का तोडतोय.

मी सावंतवाडीकडचा. वनस्पतिशास्त्र शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं तोडलेली रानं परत उभी करायचंच काम करतोय, बहुतेक खाजगी डोंगरांवर. तुमच्यासारखे डोंगर खूप फिरलोय, पायी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: जेसीबीला हो म्हणू नका, कोणी कितीही समजावलं तरी. कुऱ्हाडीबद्दल आपण बोलू शकतो.

आधी मुलीचा प्रश्न, कारण तो सगळ्यात चांगला आहे. रेनफॉरेस्ट म्हटलं की बारा महिने पाऊस डोळ्यासमोर येतो, अ‍ॅमेझॉनच्या बऱ्याच भागात आणि बोर्निओत जवळजवळ तसंच आहे. आपल्याकडं पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, आंबोलीला त्याच्या दुप्पट, पण तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये, नंतर सात महिने कोरडे. म्हणून पायथ्याचं आपलं मूळ रान मिश्र असतं. किंजळ, ऐन, नाणा, बेहडा ही उन्हाळ्यात पानं टाकणारी, आणि त्यांच्यात मिसळून जांभूळ, अंजनी, सुरंगी, फणस ही वर्षभर हिरवी. घाटाच्या कुशीत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, जिथं ओल टिकते तिथं मात्र खरंखुरं सदाहरित रान असतं, नागकेशर, रानजायफळ, भेरली माड वगैरे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावात रानजायफळांची एक राई आहे, पाण्यात उभी, मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली कारण त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. जागा जेमतेम अडीच हेक्टरची, आता जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालीय. तर मुलीला सांगा की हो, आपलं रान त्याच कुटुंबातलं आहे, फक्त कोरडे महिने सोसायला शिकलेलं. आणि हे कोरडे सात महिने आहेत म्हणूनच ते तोडल्यावर सावरणं जास्त अवघड जातं, त्याबद्दल खाली लिहितो.

आता तुमचे काका. काकांना खोटं पाडायला जाऊ नका, कारण अर्धं ते खरं बोलतायत. किंजळ आणि ऐन तोडल्यावर खुंटातून फुटतात, जोरात फुटतात. आमच्या मामांचा डोंगर त्यांच्या हयातीत तीनदा तुटलेला, मामा म्हणायचे "किंजळ मरणा नाय". मुळं जिवंत, जमीन धरलेली, पहिल्या पावसात कोंब, दहा-बारा वर्षांत परत मांडीएवढी खोडं. आपल्या आज्या-पणज्यांनी कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडली, ती जाळून राब भाजले, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी केली, आणि मग जमीन काही वर्षं पडीक सोडली, त्यामुळं रान धडपडत का होईना टिकलं. हे नाकारून चालणारच नाही.

पण मामांच्या त्या डोंगरावर मी झाडं मोजलीयत. पहिल्या तोडीच्या आधी तिथं काय होतं ते आजीच्या तोंडून ऐकलेलं, नागकेशर होता, सुरंगीची दोन मोठी झाडं होती, व्हाळाला भेरली माड होते. तिसऱ्या तोडीनंतर मी गेलो तेव्हा किंजळ, ऐन, कुंभा, थोडा खैर आणि मधल्या सगळ्या उघड्या जागेत रानमोडी हे बाहेरून आलेलं तण, माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेलं. म्हंजे दर तोडीला फुटणारी झाडं राहतात, न फुटणारी किंवा हळू वाढणारी गळत जातात. सावलीत वाढणाऱ्या रोपांवर एकदम ऊन पडलं की ती उन्हाळ्याचे ते सात महिने काढूच शकत नाहीत, करपतात. बी देणारं मोठं झाड गेलं की पुढची पिढीच नाही. लांबून बघितलं तर डोंगर हिरवा, आणि काका लांबूनच बघतात, रस्त्यावरून. आत शिरून बघा.

हाच घोळ सरकारी आकड्यांतही आहे आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं वनाच्छादन निम्म्याच्या आसपास दिसतं. लोक ते वाचून निर्धास्त होतात. पण उपग्रहाला एक हेक्टरवर दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा दिसला की ते वनाच्छादन, मग खाली काजू असो, हापूस असो, रबर असो. रान तोडून पाच-सात वर्षांत काजू डवरला की नकाशावर काहीच बिघडलेलं नसतं! अ‍ॅमेझॉनचं तुटणं अंतराळातून दिसतं, मोठे मोठे चौकोन दिसतात. आपलं दिसत नाही, ते १४ एकर, ६ एकर, २० एकर असं तुटतं, प्रत्येक घरात वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या कारणानं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाला घराचा स्लॅब घालायचाय. आणि रान सरकारी नाही, दोन्ही जिल्ह्यांत खात्याच्या ताब्यातलं वन त्यामानानं थोडं, बाकी बहुतेक तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावर. त्यामुळं कोकणातलं रान राहणार की जाणार हे तुमच्यासारख्यांच्या घरच्या ओटीवर ठरतं, मंत्रालयात त्यामानानं कमी.

मग जेसीबी. जेसीबीवर मी एवढा अडून बसतो कारण कुऱ्हाड किंवा कटर खुंट ठेवतो आणि जेसीबी मूळ उपटतो. काजूच्या कलमांना ओळी हव्यात, रबराला टप्पे हवेत, म्हणून डोंगर खरवडून पायऱ्या करतात. शंभर-दीडशे वर्षांचे किंजळीचे खुंट (वर खोड पंधरा वर्षांचं असलं तरी मूळ तेवढं जुनं असतं) एका दुपारी निघतात. आपली माती जांभ्यावरची, गरीब माती, एवढ्या पावसानं धुतलेली. ताकद आहे ती वरच्या वीतभर पालापाचोळ्यात आणि झाडांच्या अंगात. अ‍ॅमेझॉनमध्येही हेच आहे, लोकांना वाटतं एवढं दाट रान म्हणजे खालची जमीन सुपीक असणार, तोडून जाळून गवत पेरतात, दोन-चार वर्षं बरं चालतं आणि मग जमीन बसते. जाळलं की नत्र धुरात जातो आणि राख पहिल्या वळवात व्हाळाला. आपल्याकडं तर उतार. खरवडलेला डोंगर पहिल्या जूनला लाल वाहतो, तुम्ही बघितलं असेल.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. झाडं तोडली म्हणून कोकणात पाऊस पडायचा थांबणार नाही, तो अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला आपटून पडतोच. (घाटापलीकडं मात्र फरक पडतो, आयआयटी मुंबईच्या लोकांनी २०१८ साली दाखवलं की पश्चिम घाटातल्या झाडांनी सोडलेली वाफ तमिळनाडूच्या पावसात चांगला वाटा उचलते.) आपला प्रश्न पडलेल्या पाण्याचा आहे. रानात पाऊस आधी पानांवर फुटतो, मग पाचोळ्यात जिरतो, मुळांच्या वाटेनं जांभ्यात उतरतो आणि व्हाळ मार्च-एप्रिलपर्यंत वाहतो. खरवडलेल्या डोंगरावर तेच पाणी दोन तासांत खाली. जुलैत पूर, आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्याला पाऊस अफाट होता, भरती होती, पण वाशिष्ठीचं पात्र गाळानं भरलेलं होतं हेही होतं, आणि गाळ आभाळातून येत नाही. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी असं म्हणणार नाही की प्रत्येक दरड झाडतोडीमुळं येते, एवढा पाऊस झाला तर भरल्या रानाचा डोंगरही सुटतो कधी कधी. पण पायथ्याला घरं असताना वरच्या उतारावर मुळं उपटणं आणि पायऱ्या खणणं हा जुगार मी तरी खेळणार नाही. तुमच्या डोंगराखाली वाडी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या वाडीत नळपाणी योजनेची विहीर कुठल्या व्हाळावर आहे ते विचारा, आणि तो व्हाळ कुठून उगवतो तेही विचारा.

तोडीच्या हंगामाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. रस्ते सुकले की तोड सुरू, नोव्हेंबर ते मे. आणि धनेश पक्ष्याची वीण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत. मादी बेहड्याच्या, सातविणीच्या किंवा जुन्या आंब्याच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चिरीएवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून उंबर, काजरा, जांभूळ असं आणून भरवत राहतो. तेवढे महिने ती बाहेर येऊ शकत नाही. मार्चमध्ये झाड पडलं तर आत कोण होतं हे पडल्यावर कळतं. मी एकदा बघितलंय, त्याचं वर्णन नको. ढोली पडायला झाड जुनं, जाड लागतं, पंधरा वर्षांच्या किंजळीत ढोली होत नाही, म्हणून रान परत "फुटलं" तरी धनेश परत येत नाही. आणि धनेश नाही आला तर मोठ्या बियांची झाडं कोण पेरणार? बुलबुल रानजायफळाची बी गिळू शकत नाही. एक पक्षी गेला की त्याच्यामागून झाडांच्या चार जाती हळूहळू जातात, वीस-तीस वर्षांत, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

माकडतापाबद्दल तुम्ही सहज विचारलंयत, ते सहज नाहीये. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात आला. गोचिडीतून पसरतो. माकडं मरतात, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी उतरतात, आणि काजूच्या बागेत बिया गोळा करायला गेलेला माणूस त्या अंगावर घेतो. रान सलग असताना माणूस आणि गोचीड यांची गाठ कमी पडते. रान तुकड्या-तुकड्यात आणि मधे मधे बागा असं झालं की प्रत्येक तुकड्याची कडा ही गाठ पडायची जागा होते. हत्तींचंही तसंच, २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गात उतरतायत, आणि माड-केळी मोडली म्हणून शेतकरी रडतो ते खरंच आहे. पण त्यांचा वरचा मुलूख धरणं, खाणी, रस्ते यांनी तुटत गेला, ते कुठं जाणार?

जगाचं थोडं सांगतो कारण मुलीला प्रोजेक्टमध्ये घालता येईल. २०२४ साली उष्ण कटिबंधातलं मूळ वर्षावन ६७ लाख हेक्टर गेलं, आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट, आणि सगळ्यात मोठं कारण आगी. ६७ लाख हेक्टर म्हणजे ६७,००० चौरस किलोमीटर, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचं सगळं कोकण घ्या आणि त्याची दुप्पट करा, त्याहूनही जास्त. ओल्या रानात आग आपोआप सहसा लागत नाही, गुरांच्या कुरणासाठी, सोयाबीनसाठी लावतात आणि दुष्काळाच्या वर्षी ती हाताबाहेर जाते. आपले वणवे आठवा, गवत नवं यावं म्हणून, बागेखालचं साफ करायला म्हणून, कधी शिकारीला म्हणून लावलेले. फरक फक्त आकाराचा. अ‍ॅमेझॉनचं सतराएक टक्के रान आधीच गेलंय, आणि लव्हजॉय आणि नोब्रे या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये सांगितलं की २० ते २५ टक्क्यांच्या पुढं गेलं तर उरलेलं रान स्वतःचा पाऊस स्वतः फिरवू शकणार नाही आणि मोठा भाग वाळून माळरान होत जाईल. बोर्निओ-सुमात्रात रान तोडून तेलमाड लावला, आणि त्याचं पामतेल जगात सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपलाच, फरसाणाच्या पुडीच्या मागं बारीक अक्षरात बघा. म्हणजे तिकडच्या रानाशी आपला काही संबंध नाही असं म्हणायची सोय नाही.

पण मला त्यातलं दुसरंही सांगायचंय, कारण नुसतं वाईट ऐकून माणसं हात टेकतात. ब्राझीलमध्ये २००४ साली एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर अ‍ॅमेझॉन तुटलं होतं, २०१२ साली ते ४,५७१ वर आलं. उपग्रहानं लक्ष ठेवलं, दंड वसूल केले, तोडणाऱ्यांचं कर्ज अडवलं, आदिवासींच्या जमिनी मोजून दिल्या. पुढं सरकार बदललं, हात सैल पडला आणि तोड परत वाढली. म्हणजे रान तुटणं हे काही पावसासारखं आपोआप होत नाही, माणसं ठरवतात तसं होतं. आणि कोस्टा रिका, हे उदाहरण तर आपल्यासाठीच आहे. तिथंही रान खाजगी, तोडून गुरं पाळायचे, १९८० च्या दशकात देशाचं रान पाव हिश्शावर आलं. १९९७ पासून सरकार रान राखणाऱ्या मालकाला दरवर्षी पैसे देतं, इंधनावरच्या करातून. आज देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर रान आहे. सगळं श्रेय त्या एका योजनेला देता येत नाही, गोमांसाचे भावही पडले होते, पण मालकाला रान ठेवणं परवडायला लागलं हे खरं.

आपल्याकडं उलट झालं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळालं, आणि गरिबाला त्यातून खरंच उत्पन्न मिळालं, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण काजू लावलं तर पैसे आणि रान ठेवलं तर शून्य, असा हिशोब पस्तीस वर्षं शिकवल्यावर डोंगर साफ झाले यात नवल काय. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह क्षेत्राचंही, म्हणजे जिथं खाणी वगैरेंवर बंधनं येणार त्या पट्ट्याचंही, तेच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, २०१४ पासून केंद्रानं सहा मसुदे काढले, सहावा ३१ जुलै २०२४ ला, केरळातल्या वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. दर वेळी गावोगावी सभा, "घराची कौलं बदलायला पण परवानगी लागणार" अशा अफवा, आणि ठराव विरोधात. माझं मत विचाराल तर संरक्षण हवंच, खाणी आणि चिरेखाणी तर थांबायलाच हव्यात, पण मालकाच्या हातात काही न देता नुसता नकाशा रंगवला तर मालक घाईनं तोडतो. अंतिम अधिसूचना यायच्या आत तोडून मोकळे झालेले डोंगर मी बघितलेत. चांगल्या हेतूच्या कागदानं रान गेलं.

आता तुमच्या १४ एकरांचं बोलू.

पहिली गोष्ट सातबारा. इतर हक्कात "खाजगी वन" किंवा "वनसंज्ञा" असा काही शेरा आहे का बघा, आपल्या जिल्ह्यात अशी बरीच क्षेत्रं आहेत. १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर वन म्हणजे फक्त खात्याचं वन असं राहिलेलं नाही. आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्यात रबर, फळबाग, मसाला लागवडीसाठी वन साफ करणं हे स्पष्ट शब्दांत वनेतर काम धरलंय, केंद्राच्या परवानगीशिवाय चालत नाही. शेरा नसला तरी ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आहेत, परवानगी लागते आणि सामायिक जमिनीत हिस्सेदारांची संमती लागते. व्यापारी म्हणतो "परवानगीचं मी बघतो". तो बघेल, पण कारवाई झाली तर नोटीस मालकाच्या नावानं येते. कोऱ्या संमतीपत्रावर सही अजिबात करू नका.

दुसरी गोष्ट, पैशाचा हिशोब. व्यापाऱ्याचा आकडा तुम्ही लिहिला नाहीत, बरं केलंत, पण घरी मांडा. त्याला २३ नी भागा. हिस्से कमीजास्त असतील तर ज्याला त्याला किती, आणि मुंबईहून येण्याजाण्याचा खर्च वजा करून हातात किती. मी हा हिशोब ओटीवर बसून बऱ्याच घरांत केलाय आणि पुष्कळदा आकडा ऐकून लोक गप्प होतात. एकदाच मिळणारे पैसे आहेत ते, पंधरा वर्षांसाठी, आणि जेसीबी लागला तर कायमचेच. काजूचं म्हणाल तर आफ्रिकेतून कच्चा काजू येतो, भाव आपल्या हातात नाही, बोंडं बहुतेक कुजतात, आणि मुंबईत राहून माकडं कोण हाकणार? रबराला रोज पहाटे चीक काढायला माणूस लागतो. गावात माणूसच नाही हे तुम्हीच लिहिलंय.

घरात कोणाला खरोखर नड असेल, आणि तशी असते, ती लपवायची गोष्ट नाही, तर खालचा रस्त्याकडचा तीन-चार एकरांचा किंजळ-ऐनाचा तुकडा निवडा, जो आधी तुटलेलाच आहे. तेवढाच द्या, खुंट जमिनीपासून थोडा वर, तिरका काप, मूळ उपटायचं नाही हे कागदावर लिहून घ्या, आणि तोड जानेवारीच्या आत संपली पाहिजे हेही. बेहडा, उंबर, वड, काजरा, जुना आंबा, ढोली असलेलं कुठलंही झाड, यांना आधी चुना मारून ठेवा, ती तोडायची नाहीत. व्हाळाच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पावलं कोणी शिरायचं नाही. पुढच्या वर्षी एकेका खुंटाला आठ-दहा कोंब येतील, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढा, सरपण होतं आणि राहिलेले सरळ वाढतात. ही विरळणी कोणी करत नाही म्हणून आपली तुटलेली रानं झुडपं होऊन बसतात.

वरचं दहा एकर तसंच ठेवा. त्यातून काय मिळणार? थोडं थोडं, पण दरवर्षी. उभ्या झाडांवर मिरीचे वेल चढवता येतात. रातांबे असतील तर आमसुलं, त्रिफळ, वावडिंग, शिकेकाई. सुरंगी असेल तर कळ्यांना वेंगुर्ल्याकडं काय मागणी असते ते विचारा. संगमेश्वरकडं पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था बरीच वर्षं गावांशी आणि मालकांशी रान राखायचे करार करतेय. तिथं हिरडा-बेहड्याची फळं प्रमाणित करून चांगल्या भावानं औषधी चहासाठी जातात. ज्या बेहड्याला पूर्वी नुसतं सरपण म्हणून तोडायचे त्याची फळं विकली जातात म्हणून झाड राहिलं, आणि त्याच झाडांवर धनेश घरटी करतात. मला हे उदाहरण फार आवडतं कारण त्यात कोणाला उपदेश करावा लागला नाही. तुमच्याकडं लगेच असं काही उभं राहील असं वचन मी देत नाही. कार्बन क्रेडिटवाले (झाडांनी साठवलेल्या कार्बनचे पैसे देतो म्हणणारे) आले तर करार किती वर्षांचा आणि मोडला तर दंड काय, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, १४ एकर त्यांच्या दृष्टीनं फार लहान असतं.

मुलीला झाडं लावायचीयत असं लिहिलंय. लावूदे, पण आधी राखायला शिकूदे. उघड्या डोंगरावर अकेशिया, सुरू, गिरिपुष्प लावून सामाजिक वनीकरणाच्या नावानं जे झालं ते मी तरुणपणी स्वतःही केलंय, त्याखाली आजही दुसरं फारसं काही उगवलेलं नाही. तुमच्या डोंगरावर खड्डे खणायची गरज नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळायच्या आत हद्दीवरून दहा-बारा फुटांची पट्टी साफ करा म्हणजे शेजारचा वणवा आत येणार नाही. निम्मं काम तिथंच झालं. रानमोडी फुलायच्या आत कापा, बी पडल्यावर कापून उपयोग नाही. सलग तीन उन्हाळे आग आली नाही की पाचोळ्याखालून रोपं स्वतः वर येतात, मोजून बघा. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जी झाडं आपणहून येऊ शकत नाहीत तीच फक्त लावायची, आणि सावलीत लावायची, उघड्यावर नाही. बी वाळवून डब्यात भरून ठेवू नका, जांभूळ, फणस, रानजायफळ यांचं बी सुकलं की मेलं, पडल्या पडल्या आणून पिशवीत टोचायचं. आईझाड शोधायला गावच्या देवराईत जा, गुरवाला विचारून. तुमच्याकडं देवराई, म्हणजे आपली देवरहाटी, अजून शिल्लक असेल तर, कारण जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईच तोडून स्लॅबचं देऊळ आणि पेव्हर ब्लॉक, हे आता गावोगावी चाललंय. देवासाठी जे हजार वर्षं कोणी तोडलं नाही ते देवाच्याच नावानं तुटतंय हे बघवत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळापाशी, त्या पाण्यात, २०२० साली माशाची एक नवी जात सापडली, जगात दुसरीकडं कुठं माहीत नसलेली. २०२१ मध्ये ती जागा वारसा स्थळ झाली. देवाचं पाणी म्हणून राखलं होतं, म्हणून तो मासा होता.

दिवाळीत गावी जाल तेव्हा काकांना घेऊन डोंगरावर आत जा. काकांना एवढंच विचारा की त्यांच्या लहानपणी इथं कुठली झाडं होती आणि व्हाळ कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा. त्यांना सगळं आठवत असेल, या पिढीला आठवतं. लिहून घ्या, झाडांची नावं ते सांगतील तशीच मालवणीत. यादी आणि व्हाळाचे, जुन्या झाडांचे फोटो मला पाठवा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी कणकवलीत आहे, अर्धा दिवस येऊन चुना कुठल्या झाडांना मारायचा ते दाखवून जाईन. सह्या तोपर्यंत थांबवा.